हॉटेलचे ऑनलाइन बुकिंग फसले, तर तक्रार आपल्याच जिल्ह्यात

पुसदचे कुटुंब जगन्नाथपुरीला जाते, अहेरीचे कोणी दवाखान्याच्या कामासाठी नागपुरात खोली घेते. पैसे मोबाइलवरून आधीच गेलेले असतात, आणि रात्री दहा वाजता काउंटरवरचा माणूस सांगतो, "तुमचं बुकिंग आमच्याकडे आलंच नाही." बहुतेक लोक वाद घालतात, दुसरी खोली शोधतात आणि घरी आल्यावर "आता कुठे ओडिशात जाऊन केस लढायची" म्हणून पैशावर पाणी सोडतात. तसे करायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. हॉटेल पुरीत आणि बुकिंग ॲपच्या कंपनीचे कार्यालय परराज्यात असले, तरी पुसदकराची तक्रार यवतमाळला आणि अहेरीकराची गडचिरोलीला दाखल होते.

मात्र तक्रारीचा जीव पुराव्यात असतो, आणि तो काउंटरवरच्या पहिल्या अर्ध्या तासातच गोळा करावा लागतो.

हॉटेलवाला कधी कधी म्हणतो, "ॲपवरचं बुकिंग कॅन्सल करा, इथे रोख द्या, स्वस्तात देतो." कॅन्सलचे बटण अजिबात दाबू नका. दाबले की नोंद होते 'ग्राहकाने रद्द केले', आणि परतावा रद्द करण्याच्या अटींप्रमाणे कापला जातो. मुकाट्याने निघून गेलात तरी धोका आहे: हॉटेल 'ग्राहक आलाच नाही' असे कळवते आणि पूर्ण रक्कम बुडते. म्हणून तिथे उभे असतानाच ॲपच्या चॅटमध्ये बुकिंग क्रमांक, वेळ आणि काय सांगितले गेले ते लिहा. फोन करायला हरकत नाही, पण त्याचे रेकॉर्डिंग कंपनीकडे राहते, चॅटचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे. खोली नाकारल्याचे लेखी मागा. दिले नाही तर हॉटेलच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा: "मी आत्ता १० वाजता आलो, बुकिंग क्रमांक अमुक, खोली दिली नाही." हॉटेलची पाटी आणि काउंटर यांचे फोटो घ्या.

खोली मिळाली पण ॲपवर दाखवल्यापेक्षा वेगळी निघाली, तर सामान आत ठेवण्याआधी तिचे फोटो काढा आणि ॲपवरच्या फोटोंचे व सोयींच्या यादीचे स्क्रीनशॉट त्याच रात्री जपून ठेवा. ही पाने नंतर बदलतात. दुसरीकडे राहावे लागले तर साधारण त्याच दर्जाची खोली घ्या आणि नावाची पावती मागा. दीड हजारांच्या खोलीऐवजी सहा हजारांची घेतली, तर फरकाची रक्कम मिळवणे अवघड जाते.

गावाकडे एक अडचण नेहमी येते. बुकिंग सेवा केंद्रवाल्याने किंवा पुतण्याने केलेले असते. ईमेल त्याचा, खाते त्याचे. परतावाही त्याच खात्यात जातो. तरीही प्रवास करणारा ग्राहकच ठरतो, कारण पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारा लाभार्थी कायद्याच्या व्याख्येत येतो. फक्त बुकिंग करतानाच पाहुण्याच्या रकान्यात आधार कार्डावर आहे तसे तुमचे नाव टाकायला लावा, आणि पुष्टीचा ईमेल व पैसे दिल्याची नोंद स्वतःच्या मोबाइलवर मागून घ्या.

घरी आल्यावर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणे कंपनीला बंधनकारक आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. मागणी आकड्यात लिहा: भाडे इतके, जास्तीचा खर्च इतका. कूपन किंवा वॉलेटमध्ये रक्कम देऊ केली आणि ती नको असेल, तर 'स्वीकारा' दाबू नका. तडजोड झाली असे पुढे म्हणता येते. सोबतच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येते. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे लगेच चार्जबॅक, म्हणजे व्यवहारावर हरकत घेऊन पैसे परत, मागा, कारण त्याची मुदत मर्यादित असते.

तरीही दाद लागली नाही, तर आयोग. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि वकील लावणे सक्तीचे नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल करता येते. तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि तारखेच्या क्रमाने लावलेले पुरावे जोडा. स्क्रीनशॉट असल्याने भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे, प्रमाणपत्रही लावा. हॉटेल आणि ॲप कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा समोर नसतो. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. दर तारखेला जिल्ह्याच्या गावी जाणे जमत नसेल, तर व्हिडिओ सुनावणीसाठी अर्ज करा.

आता जिथे बाजू कमकुवत आहे तेही बघा. एसटी चुकली किंवा बेत बदलला म्हणून तुम्हीच रद्द केले, तर 'नॉन-रिफंडेबल' (रद्द केल्यास पैसे परत नाहीत अशा) दरातली कपात बहुधा टिकते. पण खोली हॉटेलनेच नाकारली असेल, तर ही अट त्यांना वाचवत नाही. ती सेवेतली त्रुटी आहे. बुकिंग करताना आपोआप खूण झालेला विमा किंवा देणगी बिलात आली असेल, तर ग्राहकाला फसवणाऱ्या ॲपमधल्या क्लृप्त्यांविरुद्धच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख करून ती रक्कम वेगळी मागा.

आणि संकेतस्थळच बनावट निघाले, तर यातले काहीच उपयोगाचे नाही, कारण नोटीस पाठवायला पत्ताच नसतो. तीर्थक्षेत्रांच्या भक्तनिवासांच्या नावाने अशी पाने निघतात. कळल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवले, तरच ती गोठवता येते.