मेयूच्या झडीत सुझोऊ आणि शीतांग

"दहा मिनिटं आडोशाला थांबू, उघडेल" हा आपल्याकडचा हिशेब शांघायच्या पट्ट्यात चालत नाही. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत 'मेयू' असतो. मेय नावाचं आंबट फळ पिकतं तेव्हाचा हा पाऊस. लातूर-नांदेडकडे झड दोन-तीन दिवसांत ओसरते, तिथे ती आठवडाभरही हटत नाही. पेरण्या उरकून निघणाऱ्यांना नेमकी तीच गाठते. शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मेमध्ये गेलात तर शांघायकडे मेयूच्या आधी पोचता. पण दक्षिणेत, ग्वांगझू-ग्वेलिनकडे, तोवर पावसाने जोर धरलेला असतो. म्हणून पाऊस चुकवायच्या फंदात न पडता पावसासाठीच बांधलेल्या जागा निवडा.

त्यात पहिली जागा सुझोऊ. शांघायहून वेगवान रेल्वेने सुमारे अर्धा तास. तिकीट 'सुझोऊ' स्थानकाचं काढा, 'सुझोऊ उत्तर' जुन्या शहरापासून लांब पडतं. तिकीट पासपोर्टवरच निघतं आणि फाटकावरही तोच दाखवावा लागतो, म्हणून तो बॅगेच्या तळाशी न ठेवता प्लास्टिकच्या पाकिटात, हाताशी.

तिथली चुओचंग बाग सोळाव्या शतकातली. आत बऱ्याच वाटांवर छप्पर आहे, तरी घाईघाईने फेरी मारून बाहेर पडू नका. 'पाऊस ऐकण्याचा मंडप' शोधा. त्याच्याजवळ केळी आणि तळ्यात कमळं मुद्दाम लावलेली आहेत: पानागणिक थेंबांचा आवाज बदलतो. केळीच्या पानावरचा पाऊस आपल्याला नवा नाही, पण तो ऐकायला खास मंडप बांधणं हे त्या लोकांचंच काम. गर्दीचे गट पुढे सरकेपर्यंत पंधरा मिनिटं बसा. शेजारीच वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी रचलेलं, 2006 मध्ये खुलं झालेलं सुझोऊ संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं आणि नोंदणी आधी करावी लागते.

दुसरी जागा शीतांग, कालव्यांचं जुनं गाव. रेल्वेने जियाशान दक्षिण, तिथून बस. कालव्याकाठच्या गल्ल्यांवर सुमारे एक किलोमीटर लाकडी-कौलारू छप्पर आहे, त्यामुळे छत्री मिटूनही फिरता येतं. फसगत होते ती पुलांवर. कमानी पूल उघडे असतात, पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि चढण्यापेक्षा उतरताना पाय सटकतो. दौलताबादच्या ओल्या पायऱ्या उतरलेल्यांना वेगळं सांगायला नको. निघण्याआधी घरच्या ओल्या फरशीवर बूट घालून चालून बघा. घसरले तर ते न्यायचे नाहीत. चामड्याचे तर नकोच, त्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते.

पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट, सोयीचा वाटतो, पण त्या उकाड्यात आतून घामानेच भिजायला होतं. आखूड दांड्याची छत्री बरी. अरुंद गल्लीत मोठ्या छत्र्या एकमेकींत अडकतात. जीन्स घरीच ठेवा, दोन दिवस वाळत नाही. रात्री खोलीतल्या एसीच्या रिमोटवर थेंबाची खूण असलेला मोड लावून कपडे समोर टांगा.

मोबाईलशिवाय तिथे पान हलत नाही. पैसे अलीपेवर, नकाशा गाओदेवर. गुगलचा नकाशा तिथल्या साध्या इंटरनेटवर उघडत नाही. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि दुकानदार क्यूआर पुढे धरून उभा असतो. खिशात कोरडा रुमाल हवाच. पॉवरबँक आपल्याकडून नेणार असाल तर त्यावर '३सी'ची, म्हणजे चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची, खूण आहे का पाहा. 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ती खूण नसलेली पॉवरबँक नेऊ देत नाहीत. रेल्वेने फिरणाऱ्यांना हा नियम लागत नाही.

रोज सकाळी पावसाच्या इशाऱ्याचा रंग बघा. आपल्याकडे हिरव्यापासून मोजतात, तिथे सर्वांत सौम्य निळा, मग पिवळा, नारिंगी, लाल. निळ्यात खुशाल फिरा. नारिंगी लागला की होड्या थांबण्याची शक्यता धरा आणि तो दिवस संग्रहालयाला द्या.