बोटीआधी तिथी ठरवा : पुणेकरांसाठी मोटर यॉटवरचा सहकुटुंब वीकएंड

यॉट बुक करताना बहुतेक घरांत आधी फोटो बघितले जातात, मग सगळ्यांना सुट्टी असलेला शनिवार धरला जातो, आणि भरती-ओहोटीचा विषय थेट धक्क्यावर पोचल्यावर निघतो. हा क्रम उलटा करा. मुंबई-मांडव्याच्या पाण्यात लहान मुलांचा आणि आजी-आजोबांचा दिवस कसा जाईल हे बोटीच्या लांबीपेक्षा तिथीवर आणि वाऱ्यावर जास्त ठरतं. त्यामुळे पहिलं काम स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढायचं.

तिथीचा हिशेब

कोकणातला जुना आडाखा सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी सहानंतर भरती. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आडाख्यात अर्धा-पाऊण तासाची चूक राहू शकते, म्हणून तारीख पक्की करण्याआधी मुंबई बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. शनिवार निवडायला मात्र आडाखा पुरेसा आहे.

आता कोणता शनिवार? पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. मुंबईत तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे दीड मजला पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं. त्यामुळे प्रवाह जोराचा होतो, ओहोटीला धक्क्याच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून बोटीत उतरणं धोक्याचं ठरतं. याउलट अष्टमी ते एकादशी हे भांगाचे दिवस. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, प्रवाह मवाळ असतो. दशमी-एकादशीचा शनिवार मिळाला तर फारच उत्तम, कारण भरती साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते आणि चढण्याच्या वेळी बोट धक्क्याच्या जवळपास बरोबरीला असते.

दुसरी गोष्ट वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि पाणी शांत असतं. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि एक-दीडनंतर आखूड, उभ्या लाटा उठू लागतात. या लाटा उंचीने फार नसतात, पण एकीमागून एक इतक्या लवकर येतात की बोट सारखी आपटत राहते. म्हणून सकाळी आठला निघणं, साडेनऊपर्यंत नांगर टाकणं आणि दुपारी एकच्या आत परत धक्क्याला लागणं हे वेळापत्रक धरा. ‘सूर्यास्त सफर’ फोटोत सुंदर दिसते. पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्या पाच वर्षांच्या मुलासाठी ती चुकीची वेळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वारा आणखी जोर धरतो, आणि पावसाळ्यात तर विचारच करू नये. तेव्हा गेटवे-मांडवा प्रवासी बोटीसुद्धा बंद असतात.

कुठून चढायचं

पुण्याहून गेटवेला जायचं तर एक्स्प्रेसवे संपल्यावर मुंबईची गर्दी पार करावी लागते, आणि आठच्या भरतीला पोचायला पहाटे चारला निघावं लागतं. झोपमोड झालेली मुलं बोट लागण्याच्या बाबतीत जास्त हळवी असतात. मालक मांडव्याला बोट आणायला तयार असेल तर तेच घ्या. शुक्रवारी दुपारी निघून खोपोली, पेण, वडखळ करत कार्लेखिंडीतून आत वळायचं आणि किहीम-मांडवा पट्ट्यात मुक्काम करायचा. शनिवारी आणि हवं तर रविवारी अशा दोन सकाळी बोटीवर, रात्र जमिनीवर. पहिल्या खेपेला हाच बेत चांगला. बोटीवर रात्र काढायची असेल तर त्या बोटीला तशी परवानगी आहे का, नांगर कुठे टाकणार आणि रात्री जागा कोण राहणार, हे लेखी घ्या.

मांडव्याहून गेटवे सरळ रेषेत साडेसात सागरी मैलांच्या आसपास आहे, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. १५ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) अर्धा तास. दक्षिणेला खांदेरीही जवळजवळ तितकीच दूर. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि पाण्यातून तो बघण्यासारखा आहेच. पण खांदेरी-उंदेरीभोवती पाण्याखाली खडक आहेत, आणि तिथला समुद्र पश्चिमेला उघडा असल्याने बंदरापेक्षा हेलकावा जास्त बसतो. त्या पाण्याची माहिती असलेला कप्तान असेल तरच जा, आणि वळण लांबूनच घ्या. घारापुरीचा बेत असेल तर लेणी सोमवारी बंद असतात. वाटेतल्या जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्याजवळ आणि नौदलाच्या हद्दीजवळ जायला मनाई आहे, आणि ड्रोन घरीच ठेवा.

पैसे देण्याआधी

नोंदणी प्रमाणपत्र, सर्व्हे प्रमाणपत्र (बोटीची तपासणी झाल्याचं) आणि विमा, तिन्ही चालू तारखेचे आहेत का ते बघा. प्रमाणपत्रावर लिहिलेल्या प्रवासीसंख्येत तान्हं बाळही एक धरा. ‘दोन जास्त चालतील’ म्हणणाऱ्या मालकाकडे दुसरं काही विचारायची गरज नाही, तिथून फोन ठेवा.

दरात डिझेल धरलं आहे का, जनरेटरचे तास वेगळे लागतात का, आणि हवा बिघडली तर पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारा. निघायचं की नाही हा शेवटचा निर्णय कप्तानाचा असतो. आपण पैसे भरलेत म्हणून त्याला भरीला घालू नका.

डिझेलचा अंदाज स्वतः काढता येतो. डिझेल इंजिन एका हॉर्सपॉवरला तासाला सुमारे ०.२ लिटर पितं. ३०० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं ७० टक्के जोरावर चालली तर ६०० × ०.७ × ०.२, म्हणजे तासाला सुमारे ८४ लिटर. वेग आठ नॉटवर आणला की हाच आकडा कितीतरी खाली येतो, आणि चहाही कपात राहतो. नियम तिहाईचा : एक भाग जायला, एक यायला, एक राखीव.

चढल्यावरची पहिली दहा मिनिटं

सामान लावायच्या आधी लाइफ जॅकेट काढून प्रत्येकाला घालून बघा. मुलाचं जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. ते कानापर्यंत सरकलं तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर येईल आणि मूल खाली जाईल. मुलांसाठी फोमचं, मागे मानेला आधार देणारं, दोन पायांमधून पट्टा असलेलं आणि निदान १०० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगतं ठेवण्याच्या ताकदीचं माप) जॅकेट हवं. बोटींवर मुलांची मापं बहुतेकदा कमी असतात, म्हणून ते पुण्यातच विकत घ्या आणि सोसायटीच्या पोहण्याच्या टँकमध्ये घालून मुलाला पाण्यात सोडून बघा. अनोळखी जॅकेट प्रथमच पाण्यात घातलं की मुलं घाबरून ते ओढतात. टँकमध्ये वापरायच्या दंडावरच्या फुगवायच्या पट्ट्या इथे उपयोगाच्या नाहीत. बोट चालू असताना मुलांची जॅकेटं काढायची नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला झालेला अपघात सगळ्यांच्या लक्षात आहे. धडक झाल्यावर जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही.

मग कप्तानाला पाच गोष्टी दाखवायला सांगा : अग्निशामक, बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) चालू करून, व्हीएचएफ रेडिओ (मदतीला हाक मारायचा बिनतारी संच) १६ नंबरच्या चॅनेलवर, लाइफबॉय (पाण्यात फेकायचं तरंगतं कडं), आणि इंजिन चालू झाल्यावर मागच्या एक्झॉस्टमधून (धुराच्या नळीतून) पडणारं पाणी. हे शेवटचं फार महत्त्वाचं. इंजिन समुद्राचं पाणी ओढून गार राहतं. आपल्या बंदरात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी त्या तोंडाला चिकटली की पाणी थांबतं आणि काही मिनिटांत इंजिन तापतं. धार बारीक झाली किंवा एक्झॉस्टमधून वाफ आली तर लगेच सांगा. दुसरी नेहमीची अडचण मासेमारीच्या डोल जाळ्यांच्या दोऱ्यांची. प्रोपेलरमध्ये दोर अडकला की बोट एकदम थरथरते, अशा वेळी कप्तान गिअर न्यूट्रल करतो. कुणीही सुरी घेऊन पाण्यात उडी मारायची नाही.

बसण्याची जागा वेगानुसार ठरवा. नाळेवरची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरची, गादी फक्त नांगरलेल्या बोटीवर. धावत्या बोटीचा पुढचा भाग सर्वांत जास्त आपटतो, आणि त्या दणक्याने मोठ्यांच्याही मणक्याला इजा होते. आजी-आजोबांना मधल्या किंवा मागच्या भागात, पाठीला टेका असेल तिथे बसवा.

नांगर आणि पोहणं

नांगर किती दोर सोडून टाकला, हे विचारायला लाजू नका. समजा ओहोटीला पाणी ३ मीटर, भरतीला त्यावर आणखी २ मीटर चढणार आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच, म्हणजे एकूण ६ मीटर. साखळी असेल तर त्याच्या पाचपट, ३० मीटर सोडावी लागते. दोर असेल तर सातपट, ४२ मीटर. कमी सोडला तर नांगर चिखलात आडवा रुतत नाही, उभा ओढला जातो आणि घसरतो. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरची दोन ठिकाणं, समजा एक माड आणि त्यामागचं घर, एका रेषेत धरून ठेवा. दहा मिनिटांनी ती रेष मोडली असेल तर एकतर बोट वाऱ्याने वळली आहे, नाहीतर नांगर सरकतोय. कप्तानाला दाखवा.

टँकमध्ये पन्नास लांब्या मारणारं मूलही प्रवाहापुढे टिकत नाही. दोन नॉटचा प्रवाह म्हणजे सेकंदाला एक मीटर, एवढ्या वेगाने सराव असलेला मोठा माणूसही फार वेळ पोहू शकत नाही. म्हणून पाणी थबकतं त्या अर्ध्या तासात, भरती किंवा ओहोटी पूर्ण झाल्यावरच उतरायचं. मागून २० मीटरचा दोर बोया बांधून सोडा, शिडी आधी खाली घ्या, आणि इंजिन व जनरेटर दोन्ही बंद. प्रोपेलर थांबणं हे एक कारण, दुसरं कारण एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो आणि तो नेमका मागच्या पोहण्याच्या फळीजवळ साचतो. जनरेटर बंद म्हणजे एसी बंद. तेवढा उकाडा सोसा.

कुणी पडलंच तर मोठ्याने ‘माणूस पाण्यात!’ ओरडायचं, लाइफबॉय फेकायचा, आणि एकाने नजर न हलवता हाताचं बोट त्या माणसाकडे रोखून धरायचं. हे काम दहा वर्षांचं मूल छान करतं, त्याला आधीच नेमून द्या. मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

डबा, पाणी आणि बोट लागणं

बोर घाटात ज्याला गाडी लागते, त्याला बोटही लागणार असं धरून चाला. आदल्या रात्री आणि सकाळी हलकं खाणं, पोट अगदी रिकामं मात्र नको. गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी, कारण ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. ॲव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आलेपाकाच्या वड्या सोबत असू द्या. ज्याला मळमळतंय त्याला केबिनमध्ये झोपवायला नेऊ नका. बाहेर वाऱ्यावर, बोटीच्या मध्यावर बसवून क्षितिजाकडे बघायला लावा, आणि मोबाइल काढून घ्या.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, दाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी, केळी. घरात एकादशी धरणारं कुणी असेल तर उपासाचं थालीपीठ बोटीवर खिचडीपेक्षा बरं, हातात धरून खाता येतं. रस्सा, श्रीखंड आणि गरम वडे परतल्यावर. प्यायचं पाणी अर्ध्या दिवसाला माणशी दोन लिटर. टाकीतलं पाणी फक्त हात धुवायला.

टॉयलेटमध्ये पोटातून आलेलं आणि पाणी, याशिवाय काहीही टाकायचं नाही, टिश्यूसुद्धा नाही. बारीक नळी आणि पंप एका वेट वाइपने तुंबतो, आणि मग बारा माणसांची सोय बंद होते. मुलांना हे धक्क्यावरच सांगा.

कडक सुटकेसला बोटीत जागा नसते, कापडी पिशव्या घ्या. टोपीला हनुवटीखाली बंद हवा. सगळ्यांची ओळखपत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत.

परतीचा एक मुद्दा बेत आखतानाच मिटवा. जमिनीवर उतरल्यावरही काही तास डोलल्यासारखं वाटतं, आणि गोळीची झोप संध्याकाळपर्यंत टिकू शकते. घाट चढून पुण्याला गाडी आणणाऱ्याने त्या दिवशी गोळी घेतलेली नसावी. त्याला बोट लागत असेल तर रविवारी जेवून, दोन तास झोपून निघा, किंवा स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.