कोकणातल्या पावसाळ्यात बीएस्सी केमिस्ट्री: या चुका टाळा

एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पहिल्या टायट्रेशनला (एका सोल्युशनला दुसरं किती लागतं ते मोजून ताकद काढायचं प्रॅक्टिकल) माझं रीडिंग ११.१ मिली आलं. शेजारच्या तिघींच्या वहीत १०.०, १०.१, १०.० होतं. मी खोडरबर घेतला आणि ११.१ चं १०.१ केलं. जर्नलवर सही मिळाली आणि मी संध्याकाळची एसटी पकडून घरी आले.

खरं रीडिंग ११.१ हेच होतं. आम्ही सगळ्यांनी सोडियम हायड्रॉक्साइड एकाच डब्यातून घेतला होता, लिटरला ४ ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे सोल्युशनच्या ताकदीचं एकक). पण महिना जुलैचा. आमच्याकडे जुलैत कपाटातले धुतलेले कपडेही दमट लागतात. मग हवेतलं पाणी ओढून घेणाऱ्या त्या पांढऱ्या गोळ्या कोरड्या कशा राहतील? डबा दर बॅचला उघडला जायचा. चार ग्रॅमच्या वजनात पाणीही आलं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार झालेलं थोडं कार्बोनेटही आलं, आणि खरा सोडियम हायड्रॉक्साइड भरला जेमतेम ३.६ ग्रॅम. सोल्युशन झालं ०.०९ नॉर्मल. १० मिली ०.१ नॉर्मल आम्लाला ते ११.१ मिलीच लागणार. त्या तिघींचंही अकराच्या आसपासच आलं असणार. त्यांनी माझ्याआधी खोडलं होतं, एवढंच.

आज मी लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीकडून बीएस्सी होऊन आलेली मुलं-मुली माझ्या हाताखाली शिकतात. मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. पण न जुळणारा आकडा दिसला की त्यांचा हात आधी खोडायला जातो. तो का आला, हे विचारायची सवय तीन वर्षांत कुणी लावलेली नसते. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

वजन केलं म्हणजे ताकद कळली, असं समजू नका

सोडियम हायड्रॉक्साइडचं सोल्युशन वजनावरून अचूक करता येत नाही. कोकणात तर नाहीच. ते अंदाजे करायचं आणि मग त्याची खरी ताकद शोधायची. त्यासाठी वजनावर विश्वास ठेवता येईल असा पदार्थ लागतो. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक त्यातले. त्यांचा सममूल्यभार ६३.०३, म्हणजे १०० मिली ०.१ नॉर्मल सोल्युशनला ०.६३०३ ग्रॅम. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट मिळालं तर ते त्याहून बरं, कारण ते हवेतली ओल फारशी धरत नाही. हे स्टँडर्डायझेशन फक्त त्या नावाच्या प्रॅक्टिकलला करायचं असतं असं अनेकांना वाटतं. सोल्युशन नवं असेल किंवा आठवडाभर पडून राहिलं असेल, तर प्रत्येक वेळी करा.

इथे इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून खूण देणारा पदार्थ, फिनॉल्फ्थॅलीनच हवा. ऑक्झॅलिक ॲसिड सौम्य आणि बेस तीव्र, त्यामुळे एंड पॉइंटला, म्हणजे क्रिया पूर्ण होते तिथे, सोल्युशन किंचित आम्लारीधर्मी असतं. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ ते १० पीएचमध्ये रंग बदलतो, मिथाइल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये. तिथे मिथाइल ऑरेंज वापरला तर रंग फार आधीच बदलून जातो. इंडिकेटरचा रंग एका ठरावीक बिंदूवर नव्हे, एका पट्ट्यात बदलतो, हे घरी पाहायचं असेल तर कोकमाचं आगळ घ्या. थोडं पाणी घालून त्यात चिमटी-चिमटीने खाण्याचा सोडा टाका. फेस येतो, आणि लालभडक रंग एकदम न जाता पायरीपायरीने मावळतो.

तुमच्या बेसमध्ये कार्बोनेट किती शिरलंय, हेही दोन इंडिकेटर सांगतात. ब्युरेटमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फ्लास्कमध्ये बेस घेऊन टायट्रेशन करा. फिनॉल्फ्थॅलीनला कार्बोनेटची क्रिया बायकार्बोनेटपर्यंत, म्हणजे अर्धीच मोजली जाते. मिथाइल ऑरेंजला पूर्ण. दोन्ही रीडिंगमध्ये ठळक फरक आला, तर डबा जुना झालाय असं समजा. सोल्युशनसाठी डिस्टिल्ड वॉटर उकळून गार करून घ्या, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

आमचे लॅबमधले काका म्हणायचे, "बाय, डब्याचं झाकण आधी लाव, मग वजनाकडे बघ. घाम फुटतो त्या गोळ्यांना." रसायनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण डेलिक्वेसन्स (हवेतलं पाणी ओढून पदार्थ ओला होत विरघळणं) हा शब्द मला त्यांच्या या वाक्यामुळे कायमचा कळला.

सगळ्यांच्या सॉल्टमध्ये क्लोराइड निघालं, तर पाणी तपासा

एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, हे आपल्याला घरी माहीत असतं. लॅबमध्ये मात्र आपण ते विसरतो. डिस्टिल्ड वॉटर कमी पडतं, कुणीतरी वॉश बॉटल नळाखाली धरतं, आणि त्या दिवशी अख्ख्या बॅचच्या सॉल्टला सिल्व्हर नायट्रेटने पांढरा अवक्षेप, म्हणजे क्लोराइडची खूण, येतो. सॉल्ट ॲनॅलिसिसला बसण्याआधी परीक्षानळीत नुसतं पाणी घ्या, दोन थेंब विरल नायट्रिक ॲसिड आणि दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाका. गढूळ झालं तर ते पाणी वापरू नका. याला ब्लँक म्हणतात. एक मिनिट लागतं, आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सांगितलंत तर परीक्षक खूश होतात.

सॉल्टमधले कॅटायन, म्हणजे धन आयन, ओळखायला ते ग्रुपग्रुपने अवक्षेप पाडून वेगळे करतात. त्यात सगळ्यात जास्त मुलं तिसऱ्या ग्रुपला अडकतात. हायड्रोजन सल्फाइड वायू सोडल्यानंतर तो पूर्ण उकळून घालवायचा, मग संहत नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून परत उकळायचं. कारण वायूने फेरिकचं फेरस केलेलं असतं, आणि फेरस हायड्रॉक्साइड इथे पुरतं खाली बसत नाही. त्यानंतर आधी अमोनियम क्लोराइड, मग अमोनियम हायड्रॉक्साइड. क्रम चुकला किंवा क्लोराइड कंजूषपणे टाकलं, तर हायड्रॉक्साइड आयन जास्त होतात आणि मॅग्नेशियमसुद्धा याच ग्रुपमध्ये उतरतं. मग पुढे मॅग्नेशियम सापडत नाही म्हणून मुलं तासभर शोधत बसतात.

परमँगनेटला घाई चालत नाही

पोटॅशियम परमँगनेट विरुद्ध ऑक्झॅलिक ॲसिड. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग जातच नाही. विद्यार्थी घाबरतो: एंड पॉइंट झाला? पण तो झालेला नसतो. ही क्रिया सुरुवातीला मंद असते. थोडे मँगनस आयन तयार झाले की तेच उत्प्रेरक बनतात आणि पुढचे थेंब झटपट विरतात. म्हणून फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचा, पहिला थेंब पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, मग वेग वाढवायचा. सोल्युशन तपकिरी झालं तर आम्ल कमी पडलंय, किंवा फ्लास्क गार असताना तुम्ही घाई केलीत आणि मँगनीज डायऑक्साइड तयार झालं. ते रीडिंग सोडून द्या, नव्याने सुरुवात करा.

इथे विरल सल्फ्युरिक ॲसिडच वापरायचं. हायड्रोक्लोरिकमधल्या क्लोराइडचं परमँगनेट ऑक्सिडीकरण करतं, आणि नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक. आणखी एक: गडद रंगामुळे ब्युरेटमध्ये द्रवाच्या पृष्ठभागाची खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कड वाचतात. सुरुवातीला वरची आणि शेवटी खालची वाचली, की फरक बरोबर येणं शक्य नाही.

ओले स्फटिक आणि मेल्टिंग पॉइंट

बेंझोइक ॲसिडचा मेल्टिंग पॉइंट १२२ अंश. पावसाळ्यात तुमचं ११४ ला मऊ पडायला लागतं आणि ११९ ला वितळतं. पदार्थ बहुधा बरोबरच असतो, फक्त ओला असतो. अशुद्धी असली की पदार्थ कमी तापमानाला आणि लांब पट्ट्यात वितळतो, आणि पाणी हीदेखील अशुद्धीच. फिल्टर पेपरवर पसरून खिडकीत ठेवलं तर आमच्याकडे ऑगस्टमध्ये काहीही वाळत नाही. डेसिकेटर (ओल शोषणारं जेल ठेवलेलं बंद भांडं) वापरा, आणि तो वापरण्याआधी आतल्या सिलिका जेलचा रंग बघा. निळं म्हणजे कोरडं, गुलाबी म्हणजे त्याने आधीच पोटभर पाणी प्यायलंय. गुलाबी झालेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर निळं होईपर्यंत तापवून पुन्हा वापरता येतं.

आणि जवळच्या आकड्यावरून पदार्थाचं नाव घेऊ नका. युरिया आणि सिनॅमिक ॲसिड दोन्ही १३३ च्या आसपास वितळतात. शंका आली तर नमुना ओळखीच्या शुद्ध पदार्थात मिसळून बघा. आकडा खाली घसरला तर ते दोन वेगळे पदार्थ.

थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळं समजू नका

टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, दोन पदार्थांचं मिश्रण वेगळं करायला देतात. बहुतेक जण तक्ता पाठ करतात: बायकार्बोनेटमध्ये विरघळलं तर ॲसिड, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळलं तर फिनॉल. मग पिक्रिक ॲसिड समोर येतं, बायकार्बोनेटमध्ये फसफसून विरघळतं, आणि तक्ता कोसळतो.

पाठ न करता हे असं बघा. पीकेए हा आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र. कार्बोनिक ॲसिडचा पहिला पीकेए सुमारे ६.४, ॲसेटिक ॲसिडचा ४.७६, फिनॉलचा १०. बायकार्बोनेटकडून प्रोटॉन स्वीकारला जाऊन वायू सुटायचा, तर समोरचं आम्ल कार्बोनिकपेक्षा तीव्र हवं. ॲसेटिक तीव्र आहे, फिनॉल नाही. पिक्रिक ॲसिड रचनेने फिनॉल, पण तीन नायट्रो गट ऋणभार ओढून घेतात आणि त्याचा पीकेए ०.४ च्या आसपास येतो. म्हणजे थिअरीच्या तासाला शिकवलेला इंडक्टिव्ह आणि रेझोनन्स इफेक्टच तुमच्या परीक्षानळीत फसफसत असतो. हे एकदा उमगलं की तक्ता पाठ करायची गरज उरत नाही.

फिजिकलच्या गणितात दोन जागी गुण जातात. आर या वायू स्थिरांकाची किंमत ऊर्जेच्या गणितात ८.३१४ ज्यूल घ्यायची. लिटर-ॲटमॉस्फिअर असेल तिथे ०.०८२१. तापमान नेहमी केल्विनमध्ये. कार्याच्या चिन्हाचा घोळ मात्र तुमचा नसतो. जुनी पुस्तकं प्रणालीने केलेलं कार्य धन धरतात, आजची पद्धत प्रणालीवर झालेलं कार्य धन धरते. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकातून गणित सोडवताना आधी ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचं समीकरण कसं लिहिलंय ते बघा, नाहीतर बरोबर गणित उलट्या चिन्हाने येईल.

मराठीतून आलेल्यांसाठी

ही गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं एफवायला गप्प होतात. व्हॅलन्सी, रिडक्शन, प्रेसिपिटेट हे सगळं त्यांना नवं वाटतं. पण संयुजा, क्षपण, अवक्षेप तुम्हाला आधीच येतात. शब्द बदललाय, कल्पना तीच आहे. नवा शब्द आला की त्याचा जुना मराठी जोडीदार शोधा, वहीच्या समासात लिहा. उत्तर आधी स्वतःशी मराठीत बोलून बघा. मराठीत समजावता आलं नाही तर ते इंग्रजीतही समजलेलं नसतं, फक्त पाठ झालेलं असतं. खेडपासून रत्नागिरीपर्यंतचा एसटीचा वेळ यासाठी उत्तम आहे. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला एखाद्या क्रियेची यंत्रणा (मेकॅनिझम) समजावून सांगा, बाण इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो एवढं धरून.

पावसाळी चप्पल घालून लॅबमध्ये येऊ नका. बंद बुटांचा एक जोड कॉलेजातच ठेवा.

एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात, म्हणजे बरोबर गणपतीच्या सुमारास. घरी आरत्या, मोदक, पाहुणे यात तारीख निसटते. फोटो, सही, प्रमाणपत्रं ऑगस्टमध्येच तयार ठेवा. परीक्षा फेब्रुवारीत, तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातले २० प्रश्न असे की पर्याय नसतात, आकडा स्वतः काढून भरायचा. तिथे तक्ते पाठ केलेले अडकतात.

खोडायचं नाही

कंपनीत आम्ही चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारतो, जुना आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर गेला तर गुपचूप दुसऱ्यांदा करून चांगला निकाल लिहिणं हा गुन्हा मानला जातो. आधी चौकशी: वजन, पिपेट, सोल्युशनची तारीख, उपकरण. त्यानंतरच पुढचं. ही सवय एफवायपासून लावता येते. जर्नलच्या शेवटी चार पानं राखून ठेवा. न जुळलेलं प्रत्येक रीडिंग तिथे तसंच लिहा, त्या दिवशीची हवा, कोणती बाटली, आणि तुमचा संशय कशावर आहे तेही.

मुलाखतीला येणाऱ्यांना मी विचारते, एखादं चुकलेलं रीडिंग सांगा. बहुतेक जण म्हणतात, माझं कधी चुकलं नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती. थोडा विचार करून ती म्हणाली, "माझा मेल्टिंग पॉइंट सहा अंश खाली आला होता, मॅडम. दोन दिवस मी पदार्थ परत परत शुद्ध करत बसले. मग लक्षात आलं, डेसिकेटरमधलं जेल गुलाबी होतं आणि मी ते बघितलंच नव्हतं." तिला आम्ही घेतलं.