ग्रास कटर: टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक की बॅटरी? या चुका टाळा

पाऊस उघडला की माझ्या दुकानात ग्रास कटरांची रांग लागते. त्यातले निम्मे बिघाड मशीनचे नसतात, घाईचे असतात.

पहिली आणि मला सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे दोन्ही इंजिनांना एकच कॅन. देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांकडे एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक. बेणणी, म्हणजे बागेतलं रान कापायचं काम, ऐन जोरात, गडी नवीन. त्यानं साधं पेट्रोल टू-स्ट्रोकच्या टाकीत ओतलं. थोड्याच वेळात इंजिन जाम. सिलिंडर उघडला तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे आणि रिंगा चिकटलेल्या. "काका, काल तर झकास चालत होतं!" चालणारच, काल पेट्रोलात ऑइल होतं! टू-स्ट्रोकच्या क्रँकला, बेअरिंगला, पिस्टनला जे वंगण मिळतं ते त्या मिश्रणातूनच. फोर-स्ट्रोकचं ऑइल खाली वेगळं भरायचं असतं.

माझ्याकडे मिश्रणाचा कॅन लाल, साध्या पेट्रोलचा पांढरा. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरभर पेट्रोलाला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. कुठलं प्रमाण ते मशीनच्या पुस्तिकेत बघा. मी सिरिंजनं मोजतो. 'एक बूचभर' हे माप नव्हे. आणि चार थेंब जास्त टाकून इंजिनावर उपकार होत नाहीत; प्लग काळा होतो, सायलेन्सर कार्बनानं तुंबतो.

नुसत्या सीसीवर तुलना करू नका. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून तेवढ्याच सीसीत टू-स्ट्रोक जोरकस आणि हलका, पण धूर जास्त, पेट्रोलही जास्त. दिवसभर काम असेल तर मी फोर-स्ट्रोकच सांगतो, वजनाची कुरकुर ऐकूनही.

बॅटरीवाला घेताना व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४ वॉट-अवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. तेवढा ताण पडला तर बारा मिनिटांत बॅटरी खलास. अंगणातल्या गवताला ठीक, बागेतल्या रानाला नाही.

गरम इंजिनाला चोक देऊन दोरी ओढत बसू नका, प्लग भिजतो.

साधा फोर-स्ट्रोक आडवा टाकला की ऑइल एअर फिल्टरात.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते ओल धरतं. जूनमध्ये भरलेलं पेट्रोल ऑक्टोबरात तसंच घेऊन आलात, तर कार्बोरेटर साफ करण्याचे पैसे मी आधी घेतो.