समर्पणाची प्रार्थना आणि आत्मत्यागाचा रोजचा सराव

देवाला शरण जाण्यातच ख्रिस्ती माणसाचे सामर्थ्य आहे, हे कोल्हापुरातल्या आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, वारंवार सांगितले जाते. ते सोमवारी सकाळपासून आचरणात कसे आणावे, याविषयी येथे लिहीत आहे.

सुरुवात प्रार्थनेने करावी आणि प्रार्थनेची सुरुवात आपल्या खऱ्या इच्छेने करावी. पुष्कळ जण ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ असे घाईने म्हणून मोकळे होतात. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने हा प्याला, म्हणजे समोर आलेले मरणाचे दुःख, टळावा, असे पित्याला आधी स्पष्टपणे सांगितले आणि मगच स्वतःची इच्छा त्याच्या स्वाधीन केली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २६व्या अध्यायात तो हीच प्रार्थना तीन वेळा करतो. म्हणून बदली रद्द व्हावी, मुलीचे लग्न जमावे, जमिनीच्या वाटणीत न्याय मिळावा, असे जे काही मनात असेल ते आडपडदा न ठेवता देवापुढे मांडावे आणि त्यानंतर ते सोडून द्यावे. दुसऱ्या दिवशी मन पुन्हा तिथेच घुटमळले, तर पुन्हा तीच प्रार्थना करावी. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली होती. काटा राहिला, पण अशक्तपणातच देवाचे सामर्थ्य पूर्णतेस येते, हे उत्तर त्याला मिळाले.

त्याग कशाचा करावा? ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तांबडा-पांढरा रस्सा बंद ठेवणे चांगलेच आहे, आणि वाचलेले पैसे कोणाला न सांगता गरजूला द्यावेत. तरीही माझ्या मते हा त्यातल्या त्यात सोपा त्याग आहे. लूक ९:२३ मध्ये वधस्तंभ दररोज उचलण्यास, म्हणजे स्वतःला नाकारण्यास, सांगितले आहे आणि दररोज आडवा येतो तो आपला मान. मंडळीच्या कमिटीत आपली सूचना मागे पडून दुसऱ्याची मंजूर झाली, की सभेनंतर फाटकापाशी चौघांना थांबवून आपलेच कसे बरोबर होते, हे सांगण्याची ऊर्मी येते. ती आवरावी, त्याच माणसाकडे जावे, ‘या कामात मी काय करू?’ असे विचारावे आणि तो सतरंज्या उचलायला सांगेल तर त्या उचलाव्यात. योहानाच्या १३व्या अध्यायात पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे ठाऊक असलेला येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. देवाजवळचे आपले स्थान पक्के आहे, हे ज्याला उमगले आहे, त्याला खाली वाकताना काही गमावण्याची भीती उरत नाही. शरणागतीतले सामर्थ्य मला तरी इथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

आठवड्यातून एकदा, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी सेवा करावी. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांना भाकरी-भाजी नेऊन द्यावी आणि आपले नाव न सांगता परतावे.

एका बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापुढे किंवा पिळवणूक करणाऱ्या मालकापुढे गप्प राहणे म्हणजे आत्मत्याग नव्हे. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन तो देतो, असे येशूने योहान १०:१८ मध्ये म्हटले आहे; जे भीतीपोटी सोसावे लागते, त्याला समर्पण म्हणता येत नाही. अशा बहिणीला सहनशीलतेचा उपदेश करू नये. तिला आधी सुरक्षित घरी न्यावे, आणि तिची इच्छा असेल तर पाळकांनी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे.