बोटीवर गरम पाणी: इंजिनच्या उष्णतेवरचा गीझर कसा चालवावा

तांब्याचा बंब ज्यांनी पेटवलाय, त्यांना हे यंत्र लगेच कळेल. बंबात मधल्या नळकांड्यात निखारे आणि भोवती पाणी. बोटीवरच्या गीझरमध्ये निखाऱ्यांच्या जागी कॉइल असते आणि तिच्यातून इंजिनचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, फिरतं. हे कूलंट साधारण ८० अंशांपर्यंत तापतं. एरवी ही उष्णता समुद्राच्या पाण्याबरोबर बाहेर जाते. ती टाकीत उतरवली की अंघोळीचं पाणी जवळजवळ फुकट मिळतं.

आधी टाकी भरून घ्या. गोड्या पाण्याचा पंप चालू करून गरम पाण्याचा नळ उघडा. सुरुवातीला तो फुरफुरतो. धार सलग झाली की टाकी भरली. त्याआधी विजेचं बटण अजिबात दाबू नका, कोरड्या टाकीत एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी विजेची कांडी, जळतं.

मग इंजिन चालवा. कूलंट चांगलं तापलं की गीझरकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या, अशा दोन्ही होजना जपून हात लावा. दोन्ही गरम हवेत. एक गरम आणि दुसरी थंडगार असेल, तर कॉइलमध्ये बहुधा हवा अडकली आहे. माझ्या अनुभवात पाणी न तापण्याचं हेच पहिलं कारण निघतं, आणि गीझर इंजिनपेक्षा उंच बसवला असेल तर हमखास. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सर्वांत उंच जागचा ब्लीड स्क्रू सैल करून हवा काढा आणि कूलंटची पातळी भरून घ्या. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका.

धक्क्यावर वीज असेल तर एलिमेंट लावा. १२०० वॅटचं एलिमेंट ३० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सव्वा तास घेतं. हेच १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून करू नका. १०० अँपिअरहून जास्त प्रवाह ओढला जातो आणि तासाभरात मोठी बॅटरी बसते.

नळाआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारी झडप, हवीच. ८० अंशांचं पाणी क्षणात कातडी सोलतं, लहान मुलं बोटीवर असतील तर याबाबत तडजोड नको. शिवाय थंड पाणी मिसळल्यावर ३० लिटरचं जवळपास ९० लिटर कोमट पाणी होतं.

तापताना पाणी फुगतं, ३० लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं थेंबथेंब गळणं साहजिक आहे. बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळातली पाणी साचणारी जागा, कोरडं राहावं म्हणून तो बुजवणं मात्र जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी, म्हणजे एक्स्पान्शन टँक, बसवा.

कूलंट सारखं कमी होत असेल किंवा गरम पाण्याला रंग वा वास येत असेल, तर कॉइल फुटली असावी. गीझर लगेच बंद करा. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, म्हणून या नळाचं पाणी चहालाही घेऊ नये.

पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढली की वीज तोडून टाकी पूर्ण रिकामी करा. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.