जुनी गोधडी जपताय? या चुका टाळा

गोधडी जपायची म्हटलं की आपल्याकडे आधी ती धुवायलाच काढतात. सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. सोड्याच्या पाण्यात भिजवून बडवली की विरलेलं लुगडं फाटतं आणि लाल-जांभळा रंग शेजारच्या ठिगळावर उतरतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. उलटी बाजू हवीच, कारण धावदोरा कुठून सुरू झाला, गाठ कुठे मारली, नंतर डागडुजी कुणी केली, ते तिथेच दिसतं. धूळ मऊ ब्रशने काढा. धुणं भागच असेल, तर ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर दाबून पाहा. फडक्याला रंग लागला, तर पाण्याचा विचार सोडा.

“नोंद काय, नंतर करू” ही चूक तर भरूनच निघत नाही. कोणतं ठिगळ आजीच्या नऊवारीचं, कोणतं धोतराचं, कोणतं लेकराच्या झबल्याचं, हे शिवणारीलाच ठाऊक असतं. गावात विचारलं तर “म्हातारीनं शिवली” एवढंच सांगतात. तिचं नाव विचारा, माहेरही विचारा, कारण शिवायची रीत बाई माहेरून घेऊन येते. गोधडी खाटेवर पसरा, तिला एकेका ठिगळावर बोट ठेवून बोलू द्या, आणि तिला चालणार असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. फाइलला गाव, नाव, तारीख द्या आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा.

ही माहिती गोधडीवर लावायला चिकटपट्टी, बॉलपेन, टाचणी नको. धुतलेल्या मांजरपाटाच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून ती कडेला सैल टाक्यांनी शिवा.

प्लॅस्टिकच्या पिशवीत आपल्याकडच्या पावसाळ्याचा दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. लोखंडी पेटीचा गंज कापडाला लागतो, म्हणून आत बिनखळीचा मांजरपाट अंथरा. खळीवर कसर येते. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका. मे महिन्यातल्या उन्हात वाळत घालायची सवयही सोडा, रंग उडतो. सावलीत वारा द्या. दर काही महिन्यांनी घडी बदला. भंडाऱ्याकडचं कोशाच्या रेशमाचं, करवतीच्या दातांसारख्या काठाचं करवतकाठी लुगडं असेल तर ते वेगळं ठेवा: रेशीम आणि लोकर खाणारी कीड सुती कापडाच्या वाटेला सहसा जात नाही.

नवीन कलाकृतीसाठी जुनी गोधडी कापणं मला अजिबात पटत नाही. आलेखाच्या कागदावर तिचा नकाशा काढा, ठिगळांना क्रमांक द्या, नोंदी जोडा आणि त्यावरून नवी शिवा. नवीच्या कापडांचीही नोंद त्याच दिवशी करा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, जे १९३८ साली सुरू झालं, खादीसोबत चरखेही जपलेत. आपणही सुई, दोरा आणि उरलेल्या चिंध्या मांजरपाटाच्या पिशवीत गोधडीजवळ ठेवाव्यात. सुई मात्र कागदात गुंडाळून, म्हणजे गंज कापडाला लागणार नाही.